दोन दाढा, एक गोळी आणि थोडी मिश्री

पत्र: मी ५९ वर्षांची, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. डावीकडच्या खालच्या शेवटच्या दोन दाढा काढून पाच वर्षं झाली. उजवीकडची वरची एक दाढ गेल्या वर्षी काढली. तिच्या मागच्या दाढेला रूट कॅनल करून कॅप बसवलेली आहे. आता घास पुढच्या दातांनीच चावते. मटण असलं की मी नुसता रस्सा-भात खाते, घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. एका डॉक्टरांनी तीन इम्प्लांट सांगितलेत, खर्च सव्वा लाख. दुसरे म्हणाले, उजवीकडं ब्रिज करू आणि डावीकडं काढघाल करायची कवळी. पुण्याचा मुलगा म्हणतो, इकडं ये, तीन दिवसांत दात बसवून देतात, पैसे मी भरतो. आणि आमचे हे म्हणतात, ‘आता या वयात काय लग्नाला उभी राहायचीस व्हय?’ मला साखर आहे, गोळ्या चालू आहेत. हाडांसाठी आठवड्याला एक गोळी आहे, तिला तीन-चार वर्षं झाली. सकाळी थोडी मिश्री लावते, तंबाखू मात्र कधी तोंडात धरली नाही. भिशीचे माझे स्वतःचे साठ हजार आहेत. दिवाळीच्या आत दात बसवून घ्यावेत असं वाटतं. काय करू?

उत्तर:

ताई,

आधी माझं मत सांगते, कारणं मागून. तुम्हाला तीन इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेले दात, लागतील असं मला वाटत नाही. एकच पुरेल. तोही दिवाळीच्या आत नको. तुमचं तोंड मी तपासलेलं नाही, एक्स-रे पाहिलेला नाही, त्यामुळं हे निदान समजू नका. पण तुम्ही पत्र इतकं नीट लिहिलंय की बऱ्याच गोष्टींचा अंदाज येतो.

हाडांच्या गोळीचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी मात्र तिथंच थांबले. सकाळी उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढं अर्धा तास आडवं व्हायचं नाही, असं बजावून दिलेली गोळी आहे का ती? तसं असेल तर ती बहुधा ॲलेन्ड्रोनेट किंवा रायसेड्रोनेट असणार. ही बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं. हाड झिजवणाऱ्या पेशींना ती आवर घालतात, म्हणून मणका आणि खुबा शाबूत राहतो. पण जखम भरताना जुनं हाड काढून नवं घालण्याचं काम याच पेशींच्या मदतीनं चालतं. त्यामुळं अशी औषधं घेणाऱ्यांच्या जबड्यात दात काढला किंवा इम्प्लांट बसवला तर क्वचित जखम मिटतच नाही, हाड उघडं पडतं. हा प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत पहिल्यांदा नोंदवला गेला तो २००३ मध्ये, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही.

लगेच घाबरू नका. हा त्रास मुख्यतः कर्करोगासाठी शिरेतून मोठे डोस घेणाऱ्यांमध्ये दिसतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी तोंडानं गोळी घेणाऱ्यांमध्ये धोका फारच कमी असतो. फक्त गोळी सुरू होऊन चार वर्षं उलटली की तो वाढतो असं मानतात, आणि तुम्ही लिहिलंय ‘तीन-चार’. तेव्हा पहिली चिठ्ठी शोधून काढा आणि तीन की चार ते नक्की करा. दुसरं एक आठवून बघा. गेल्या वर्षी वरची दाढ काढली तेव्हाही ही गोळी चालूच होती. ती जखम दोन-चार आठवड्यांत नीट भरली होती का? भरली असेल तर ती जमेची बाजू आहे. चिघळली असेल, हाडाचा टोकेरी तुकडा जिभेला लागत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि गोळी मनानं बंद करू नका. हे औषध हाडात वर्षानुवर्षं साठून राहतं, आठ-पंधरा दिवस बंद ठेवून जबड्याला काही फायदा होत नाही. बंद करायची की नाही हे ज्यांनी ती दिली त्यांनी आणि दातांच्या डॉक्टरांनी बोलून ठरवायचं. वाचकांपैकी कुणी हाडांसाठी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन घेत असेल तर त्यांनी हे आणखी पक्कं लक्षात ठेवावं. तो डोस चुकला तर मणक्यांची हाडं मोडण्याचा धोका असतो.

आता मिश्री. ताई, मिश्री ही तंबाखूच आहे, भाजून काळी केलेली. आपल्या भागातल्या कितीतरी बायका दवाखान्यातल्या कागदावर व्यसनासमोर ‘नाही’ लिहितात आणि सही करताना बोटाच्या पेरावरचा काळपट डाग दिसतो. त्या खोटं बोलत नसतात. आई लावायची, सासू लावायची, दात दुखतो म्हणून कुणीतरी सुरू करून दिली, त्याला कुणी व्यसन म्हणतच नाही. पण निकोटीन ते निकोटीनच. त्यानं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी मिळतं, इम्प्लांट हाडाला धरण्याची शक्यता घटते. त्यात एक फसवी गोष्ट अशी की रक्तवाहिन्या आकसल्यामुळं हिरड्यांतून रक्तही कमी येतं. आरशात हिरडी धडधाकट दिसते आणि आत हाड उतरत असतं.

म्हणून मला तुम्हाला विचारायचंय, त्या खालच्या दोन दाढा गेल्या कशानं? किडून गेल्या की हलायला लागल्या म्हणून काढल्या? किडून गेल्या असतील तर प्रश्न त्या दाढांपुरता होता. हलून गेल्या असतील तर हिरड्यांचा आजार आहे, आणि तो उरलेल्या दातांपाशी आजही असणार. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण हिरड्यांच्या आजारातून तो सुटत नाही. ओल आलेल्या भिंतीत महागाची खुंटी ठोकून काय उपयोग? आधी हिरड्यांची खोल सफाई करून घ्या, दोन-तीन महिने जाऊ द्या, मग पुन्हा तपासून पुढचं ठरवा. मिश्री त्याच काळात सुटली पाहिजे. एकदम जमत नसेल तर सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. आणि गालाच्या आत, ओठाच्या आत, जिथं मिश्री लागते तिथं पांढरा किंवा लाल चट्टा आहे का हे डॉक्टरांना मुद्दाम बघायला लावा. तो असेल तर दातांचं राहू द्या, आधी त्याची तपासणी.

साखरेचं थोडक्यात. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, सातच्या आसपास असेल तर साखर आडवी येत नाही. आठच्या वर असेल तर आधी ती खाली आणा.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, बाई दातांचं बोलतच नाही. आता बोलते.

उजवीकडं वर एक दाढ नाही आणि तिच्या मागच्या दाढेला कॅप आहेच. ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांना कॅप घालून त्यांच्या आधारानं मधला दात बसवणं. त्यावर मोठा आक्षेप असतो तो हा की एका दातासाठी शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात. तुमच्या बाबतीत त्यातला एक आधीच घासलेला आहे. शिवाय वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. दाढ काढली की ती पोकळी खाली सरकते आणि हाड पातळ होतं. मग इम्प्लांटसाठी आधी सायनस उचलून तिथं हाड भरावं लागू शकतं, खर्च वाढतो, महिने वाढतात. साखर, मिश्री आणि ही गोळी असताना मी तुम्हाला त्या वाटेला लावणार नाही. कॅपखालची दाढ एक्स-रेत मजबूत दिसली तर उजवीकडं ब्रिज करा. दुसऱ्या डॉक्टरांचं इथं मला पटतं.

डावीकडचं प्रकरण वेगळं. तिथं शेवटच्याच दोन दाढा गेल्यात, मागं टेकायला दात नाही, म्हणून ब्रिज होत नाही. उरली कवळी किंवा इम्प्लांट. एका बाजूला दोन दाढांची कवळी बहुतेक बायका पदराला गाठ मारून ठेवल्यासारखी डबीत ठेवून देतात, खरं सांगते. ती मागून उचलते, खाली अन्न अडकतं, हिरडीला टोचते. ज्यांच्याकडं दुसरा इलाज नाही त्यांच्यासाठी ती आहे आणि ती नीट बनवली तर निभावतेही, पण तुमच्याकडं इलाज आहे. इथं पहिल्या दाढेच्या जागी एक इम्प्लांट. शेवटच्या दाढेची जागा रिकामी राहिली तरी चालतं. पहिली दाढ आणि तिच्या पुढच्या दोन छोट्या दाढा असल्या की चावायचं बहुतेक काम भागतं. दात मोजून भरायचे नसतात, घास कुठं चावला जातो ते बघायचं असतं.

त्याआधी एक छोटी तपासणी घरी करा. हात धुऊन तर्जनी डावीकडच्या रिकाम्या जागेवर ठेवा आणि दात हळू मिटा. वरची दाढ बोटाला लगेच टेकते का? पाच वर्षं समोर कुणी नसलं की वरची दाढ हळूहळू खाली उतरते. फार उतरली असेल तर खाली कॅप बसवायला उंचीच उरत नाही, मग वरची घासून किंवा तिच्यावर आणखी काही करून जागा करावी लागते. हा खर्च कोटेशनमध्ये नसतो आणि मागून निघतो. तसंच तोंड पूर्ण उघडून तीन बोटं उभी आत जातात का बघा. सुपारी, गुटखा यांनी गाल ताठ होतात, आणि मागच्या दाढेपाशी ड्रिल नेण्यापुरतं तोंड उघडत नसेल तर इम्प्लांटचा विषय तिथंच थांबतो.

हाड किती उरलंय हे साध्या एक्स-रेवर पूर्ण कळत नाही, कारण त्यात रुंदी दिसत नाही. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच हाडाची रुंदी बरीच घटते. तुमची पाच वर्षं झालीत. म्हणून सीबीसीटी नावाचा तीन बाजूंनी दाखवणारा स्कॅन लागतो. खालच्या जबड्यात ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते, तिच्यापासून सुरक्षित अंतर ठेवून स्क्रू बसवायचा असतो. ती दुखावली तर अर्धा ओठ बधिर राहतो, कधी कायमचा. स्कॅन न काढता ‘बसेल की’ म्हणणाऱ्याकडून उठून या.

प्रत्यक्ष काम ऐकायला भयंकर वाटतं, तेवढं नसतं. जागा बधिर करतात, हिरडी थोडी उघडतात, हाडात टप्प्याटप्प्यानं भोक पाडतात. वरून सतत सलाइनचं पाणी सोडतात, कारण हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी त्याच्या पेशी मरतात. मग साधारण चार मिलिमीटर जाडीचा, एखाद्या सेंटिमीटर लांबीचा टायटेनियमचा स्क्रू आत फिरवतात. एका दाताचं काम तासाभरात उरकतं आणि बहुतेक जण म्हणतात, दाढ काढताना याहून जास्त दुखलं होतं. त्या दिवशी जोरात चुळा भरू नका, पुढचे काही दिवस त्या बाजूनं चावू नका. दहीभात, मऊ खिचडी, कोमट पांढरा रस्सा चालेल. तांबड्याला आठवडाभर नमस्कार.

खालच्या जबड्यात हाड त्या स्क्रूला धरायला साधारण तीन महिने लागतात, वर चार ते सहा. टायटेनियमला हाड इतकं घट्ट धरतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं १९५२ च्या सुमारास, सशाच्या हाडावर दुसराच प्रयोग चालू असताना. आत बसवलेलं टायटेनियमचं उपकरण नंतर निघेचना. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. ते त्याला २००६ मध्ये तो वारेपर्यंत पुरले. चांगल्या हिरड्यांच्या तोंडात आज दहा वर्षांनी शंभरातले नव्वदहून जास्त इम्प्लांट जागेवर असतात. तुमच्या मनात असेल तर सांगते, टायटेनियममुळं पुढं कधी एमआरआय काढायला अडचण येत नाही.

तर मुलाच्या ‘तीन दिवसांत दात’चं काय? तसं करता येतं, ते खोटं नाही. हाड भक्कम असेल, आणि विशेषतः एका जबड्यातले सगळेच दात जायचे असतील, तर काही स्क्रू एकमेकांना जोडून त्यांच्यावर लगेच दात बसवतात. तुमचा एकटा स्क्रू, दाढेची जागा, त्यावर पूर्ण चावण्याचा जोर. जोडीला साखर. इथं घाईचा काहीच फायदा नाही आणि नुकसान मात्र होऊ शकतं. मुलाला राग येऊ न देता सांगा की पैसे नको, सोबत हवी. आणखी एक व्यवहाराची गोष्ट, पुढं वर्षानुवर्षं तपासणीला जायचंय, स्क्रू ढिला झाला तर घट्ट करून घ्यायचाय. त्यासाठी राजारामपुरी बरी की पुणे, तुम्हीच सांगा.

‘हे’ काय म्हणाले त्यावर मी फार लिहिणार नाही. इम्प्लांटला वरची वयोमर्यादा नाही, सत्तरीतले लोकही करून घेतात. खालची मर्यादा आहे, जबडा वाढत असलेल्या मुलांना करत नाहीत. ते बोलले खरं, पण गेली पाच वर्षं तुम्ही फोडी न खाता रस्सा-भात खाताय हे त्यांना कुणी सांगितलंय का? सांगा एकदा. चावता येत नाही म्हणून भाकरी सुटते, कोशिंबीर सुटते, मऊ भात वाढतो आणि साखरही त्याच्याबरोबर वाढते. डॉक्टरांकडं जाताना त्यांना बरोबर न्या. बाहेर बाकावर बसवू नका, आत न्या.

दात बसल्यावर काय? खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते, घासात खडा आला की तीच सांगते. इम्प्लांटला ती नसते, तो थेट हाडाला चिकटलेला. त्यामुळं आपण किती जोर लावतोय ते नीट कळत नाही. ऊस, अख्खी सुपारी, मटणाची नळी त्या बाजूनं फोडायची नाही. रोज रात्री दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश फिरवायचा, ब्रिजच्या खालूनही. आणि दुखत नाही म्हणून तपासणी चुकवायची नाही. इम्प्लांटभोवतीचं हाड खाणारा आजार बराच काळ न दुखता चालतो. तिथून रक्त आलं किंवा वास यायला लागला तर त्याच आठवड्यात दाखवा.

राहता राहिले पैसे. एका दाताच्या इम्प्लांटला कॅपसकट साधारण पंचवीस-तीस हजारांपासून पन्नास-साठ हजारांपर्यंत घेतात. फरक स्क्रूच्या कंपनीचा, कॅपच्या प्रकाराचा आणि हाड भरावं लागतं की नाही याचा. कोरियन स्क्रू स्वस्त, स्वीस-स्वीडिश महाग. नावाजलेली कोरियन कंपनी असेल तर मला त्यात हरकत दिसत नाही, बसवणाऱ्याचा हात त्याहून महत्त्वाचा. एक इम्प्लांट आणि एक ब्रिज, मधल्या भावात, तुमच्या भिशीत बसायला हरकत नाही. तेवढंही जड वाटलं तर नवे पारगावला किंवा सांगलीला डेंटल कॉलेज आहे. तिथं एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरांची पुढची पदवी, करणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या वाढतात, खर्च कमी होतो. रस्त्याकडेला बसून शेजारच्या दातांना तार बांधून ‘फिक्स दात’ घालणाऱ्यांकडं मात्र फुकट म्हणाले तरी जाऊ नका, त्यांनी चिकटवलेल्या प्लॅस्टिकखाली चांगले दातही सडतात.

‘लाइफटाइम गॅरंटी’ असं कार्डावर छापलेलं असेल तर कशाची, ते विचारा. बहुतेक वेळा ती कंपनीनं नवा स्क्रू देण्याची असते, पुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेची आणि कॅपची नसते. स्क्रूच्या पाकिटावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असलेला स्टिकर येतो, तो मागून घ्या आणि फाइलला चिकटवा. एका कंपनीचे सुटे भाग दुसरीच्या स्क्रूला सहसा बसत नाहीत. उद्या मुलाकडं राहायला गेलात आणि तिथं काही ढिलं झालं, तर त्या डॉक्टरांना आधी हा स्टिकरच लागेल. आणि सगळी रक्कम आगाऊ भरू नका. स्क्रू बसला की एक हप्ता, कॅप बसली की उरलेला.